पूर येण्याआधी बोटीवर रेषा ओढा: कोल्हापूरच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर
आणि जिल्ह्यातील पूरप्रवण गावांच्या सर्व ग्रामपंचायती

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

पंचगंगा, कृष्णा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या काठच्या ज्या ज्या गावांत पूरकाळासाठी बोट ठेवलेली आहे, त्या प्रत्येक बोटीची पावसाळ्यापूर्वी स्थैर्याची चाचणी घ्यावी, ती सुरक्षितपणे किती भार वाहू शकते हे ठरवावे आणि तेवढ्या भाराला पाणी जिथवर चढते तिथे बोटीच्या दोन्ही अंगांना ठळक भाररेषा रंगवावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी छोटी वाटेल. परंतु जहाजबांधणीच्या इतिहासात या एका रेषेने जितके जीव वाचवले तितके दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने क्वचितच वाचवले असतील, असे माझे ठाम मत आहे. समुद्रावरच्या मालवाहू जहाजांना जी शिस्त शंभर वर्षांहून अधिक काळ लागू आहे, ती आपल्या पूरबोटींना लागू नसावी याचे कोणतेही समर्थनीय कारण मला दिसत नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीची बहुतेक वर्षे गोदीत जहाजांच्या वजनाचे आणि स्थैर्याचे हिशेब करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर पुन्हा इथेच राहायला आलो आहे. त्या हिशेबांतला जो भाग आपल्या नदीकाठाला उपयोगी आहे, तेवढाच इथे मांडतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तेच पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल आणि स्थानिक स्वयंसेवी पथके यांनी केलेले काम जिल्हा विसरणार नाही. पण बाहेरची पथके पोहोचेपर्यंतचे पहिले तास गावातल्या माणसांचे आणि गावातल्या बोटीचे असतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि त्यात स्त्रिया आणि मुलांसह अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे त्या वेळच्या वृत्तांमध्ये आले होते. त्या बोटीवरच्या कुणालाही दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण खालून पाणी चढत असताना, समोर लेकुरवाळी बाई हात पुढे करून उभी असताना, ‘आता जागा नाही’ असे म्हणण्याची ताकद नावाड्याकडून अपेक्षिणे हाच अन्याय आहे. किती माणसे घ्यायची हा निर्णय पुराच्या दिवशी घेण्याचा नाहीच. तो मे महिन्यात, कोरड्या जमिनीवर, हिशेब करून घ्यायचा आणि बोटीवर रंगवून ठेवायचा असतो.

हिशेब नेमका कशाचा, हे आधी सांगितले पाहिजे. बोट तरंगते तेव्हा तिचे आणि आतल्या सर्व माणसांचे वजन एका बिंदूतून खाली ओढत असते, तो गुरुत्वमध्य. बोटीने बाजूला सारलेले पाणी तिला एका बिंदूतून वर उचलत असते. ते उत्प्लावन केंद्र. बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, त्यामुळे उत्प्लावन केंद्र कलत्या बाजूला सरकते आणि बोटीला पुन्हा सरळ करू पाहते. या सरकलेल्या बिंदूतून वर काढलेली उभी रेषा बोटीच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी १७४६ साली ही कल्पना मांडली तेव्हापासून जहाजाचे स्थैर्य हा केवळ अनुभवाचा किंवा नजरेचा विषय उरला नाही. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर कललेली बोट सरळ होते. तो वर गेला तर तीच बोट कलत जाते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे बोटीच्या हातातली शिल्लक.

आता आपल्याकडच्या एका साध्या बोटीचे उदाहरण घेतो. समजा ती ५ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल आहे, सपाट तळाची आहे आणि तिचे स्वतःचे वजन २५० किलो आहे. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती होत असल्याने पाण्याच्या पातळीवरचे तिचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मीटर धरू. अशी बोट एक सेंटिमीटर बुडवायला ६० किलो वजन लागते, म्हणजे प्रत्येक माणूस चढताना काठ पाण्याच्या दिशेने साधारण एक सेंटिमीटर खाली येतो. पंधरा माणसे बसली की बोट सुमारे १९ सेंटिमीटर पाण्यात असते आणि काठ पाण्याच्या वर ३१ सेंटिमीटर उरतो. दिसायला हे पुष्कळ आहे, म्हणून नावाडी आणखी माणसे घेतो. पण काठ किती उरला हा अर्धाच हिशेब आहे.

उरलेला अर्धा हिशेब असा. बाकावर बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य तळापासून ६५ सेंटिमीटरवर आणि उभ्या माणसाचा एक मीटरवर धरला, तर पंधरा माणसे बसलेली असताना वर सांगितलेली शिल्लक सुमारे ३९ सेंटिमीटर येते. तीच पंधरा माणसे उभी राहिली की ती १२ सेंटिमीटरवर येते, जरी बोटीत एकही माणूस वाढलेला नाही आणि काठही तसूभर खाली गेलेला नाही. पंचवीस माणसे कशीबशी बसवली तरी शिल्लक साधारण तेवढीच, ११-१२ सेंटिमीटर. आणि पाच मीटरच्या बोटीत पंचवीस माणसे बसतच नाहीत, ती उभीच राहतात; तेव्हा शिल्लक शून्याच्याही खाली जाते. काठ अजून २१ सेंटिमीटर वर दिसत असतो, पाणी आत आलेले नसते, लाट नसते, वारा नसतो, आणि तरीही ती बोट सरळ राहू शकत नाही. बोट बुडण्याआधी उलटते ती अशी. पुराच्या वेळी काठाकडे पाहून ‘अजून दोघे मावतील’ असे म्हणणारा माणूस बेपर्वा नसतो, त्याला दिसते तेवढ्यावरून तो बोलत असतो. आणि जे दिसत नाही ते आधी मोजून ठेवणे हेच अभियंत्याचे काम आहे.

आपल्या भागात पुराच्या पाण्यात गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस उकळण्याची मोठी कढई, होडीसारखी घालण्याची जुनी पद्धत आहे. काहिलीचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ती चांगल्या आणि वाईट स्थैर्याचा धडा एकाच वेळी देते. रुंद, गोल आणि सपाट असल्याने तिचे मेटासेंटर बरेच वर असते, म्हणून पाय ठेवताच ती डगमगत नाही आणि बसणाऱ्याला ती बोटीपेक्षा भक्कम वाटते. पण तिचा काठ बुटका. साधारण २.४ मीटर व्यासाच्या काहिलीत माणसे बसल्यावर काठ पाण्याच्या वर २० सेंटिमीटर उरला, तर ती अवघ्या नऊ-दहा अंशांनी कलताच काठ पाण्याला टेकतो. वर सांगितलेल्या बोटीत पंधरा माणसे असताना तोच कोन सुमारे २२ अंश आहे. शिवाय काहिलीला नाळ नाही, कणा नाही, त्यामुळे प्रवाहात ती गरगर फिरते आणि तिला दिशा देणे वल्ह्याने जमत नाही. आडवाटेच्या मळ्यातून एकट्यादुकट्याने येण्यासाठी तिने अनेकांना तारले आहे, हे मी नाकारत नाही. पण सुरुवातीचा भक्कमपणा आणि शेवटपर्यंत टिकणारे स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाच फरक न ओळखल्याने ब्रिटिश नौदलाने एक अख्खी युद्धनौका गमावली. ‘एचएमएस कॅप्टन’ ही फिरत्या तोफबुरुजांची नौका नौदल अधिकारी कूपर कोल्स यांच्या आग्रहावरून बांधली गेली. तिचा काठ पाण्यापासून ८ फूट असावा असा आराखडा होता. बांधताना वजन वाढत गेले आणि प्रत्यक्षात तो साडेसहा फुटांच्या आसपास राहिला. वर शिडांचे पूर्ण ओझे होते. थोडी कलताना ती अगदी ताठ उभी राही, म्हणून अनेकांना ती सुरक्षित वाटली. परंतु सुमारे २१ अंशांना तिची सरळ होण्याची ताकद कळसाला पोहोचून उतरणीला लागत असे, तर तिच्याबरोबरच्या उंच काठाच्या ‘मोनार्क’ या नौकेत ती ताकद ४० अंशांपर्यंत वाढत राही. ७ सप्टेंबर १८७० च्या मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टेरे भूशिरापाशी वादळात ‘कॅप्टन’ उलटली, साडेचारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत स्वतः कोल्सही होते. त्याच ताफ्यातली ‘मोनार्क’ ते वादळ सोसून परत आली. काठाच्या प्रत्येक इंचाला किंमत असते, ती अशी. पूरबोटीत रॉकेलचा डबा, धान्याची पोती, गॅसची टाकी चढवताना आपण त्याच इंचांचा खर्च करत असतो. पंधरा माणसांमागे प्रत्येकी १५ किलोचे गाठोडे धरले तरी वरच्या बोटीचा काठ जवळजवळ ४ सेंटिमीटर खाली येतो. म्हणून निवारा केंद्रात आवश्यक वस्तू मिळतील याची खात्री गावाला आधीच दिलेली असणे हा बोटीच्या सुरक्षिततेचा भाग आहे, असे मी मानतो.

माणसे एका बाजूला जमणे हा दुसरा धोका. २४ जुलै १९१५ रोजी शिकागो शहरात ‘ईस्टलँड’ हे प्रवासी जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच नदीत आडवे झाले आणि ८४४ माणसे मृत्युमुखी पडली. वादळ नव्हते, खोल समुद्र नव्हता. काठ हाकेच्या अंतरावर होता. अडीच हजारांहून अधिक लोक वर चढलेले होते आणि मुळात डळमळीत असलेल्या त्या जहाजावर वरच्या मजल्याचे वजन नव्या सुरक्षा-होड्यांमुळे आणखी वाढवलेले होते. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने कललेल्या बोटीत घाबरलेले प्रवासी एका अंगाला धावले आणि ती सावरली नाही, असे तो प्रसंग सांगणाऱ्यांनी सांगितले आहे. गच्चीवरून किंवा माडीच्या खिडकीतून माणसे बोटीत उतरवताना आपण नेमके हेच करत असतो: सगळे वजन घराच्या बाजूला, सगळे जण उभे आणि वरून आणखी एक जण खाली येत असलेला. उतरताना एका वेळी एकच माणूस, आणि तो बसल्याशिवाय दुसरा नाही, हा नियम प्रत्येक गावात पाठ करून घ्यायला हवा.

तळात साचणाऱ्या पाण्याबद्दल थोडे अधिक विस्ताराने लिहितो, कारण याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. पाऊस, वल्ह्याचे शिंतोडे, गळती यांनी बोटीत चार बोटे पाणी साचते आणि ‘एवढ्याने काय होते’ म्हणून ते उपसले जात नाही. पण मोकळे पाणी बोट कलली की त्याच बाजूला धावते आणि बोटीला सरळ होऊ देत नाही. या पाण्याचा परिणाम त्याच्या खोलीपेक्षा त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो आणि रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या उदाहरणातल्या बोटीत पाण्याचा थर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग पसरलेला असेल, तर पंधरा बसलेल्या माणसांची ती ३९ सेंटिमीटरची शिल्लक पहिल्या कलातच खाऊन टाकण्याइतका तो परिणाम मोठा असतो. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट नाळेचे दरवाजे उघडेच ठेवून निघाली, गाड्यांच्या सलग डेकवर पाणी पसरले आणि काही मिनिटांत ती आडवी झाली. १९३ माणसे गेली. यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. बोटीच्या तळात लांबीच्या दिशेने मधोमध एक आडोसा घातला, तर पाण्याचा हा परिणाम एक चतुर्थांशावर येतो. उद्यमनगरातला कोणताही फॅब्रिकेटर हे काम एका दिवसात करील. आणि पाणी उपसण्यासाठी एक डबा दोरीने बोटीलाच बांधलेला असावा, कारण सुटा डबा गरजेच्या वेळी सापडत नाही.

चाचणी घेणे पुरेसे नाही, चाचणीचे ऐकावेही लागते. स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याच्या आज्ञेने बांधलेली ‘वासा’ ही नौका निघण्याआधी तिच्यावर तीस खलाशांना एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावायला लावून तिचे स्थैर्य पाहिले गेले. तीन फेऱ्यांतच ती इतकी हेलकावू लागली की धक्क्यालाच उलटेल या भीतीने चाचणी थांबवण्यात आली. राजा परमुलखात लढाईवर होता आणि त्याला नौका लवकर हवी होती. थांबा म्हणणारा कुणी निघाला नाही. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून निघालेली ‘वासा’ जेमतेम सव्वा किलोमीटर जाऊन वाऱ्याच्या झुळुकीने कलली, खालच्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरले आणि ती बुडाली. १९६१ साली ती वर काढण्यात आली तेव्हा लाकूड बहुतांशी शाबूत होते. म्हणजे बांधणीत दुबळेपणा नव्हता; वजन चुकीच्या उंचीवर होते, आणि ते ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हातात ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता.

तो अधिकार लेखी देण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे भाररेषा, आणि तिच्यासाठी इंग्लंडमध्ये मोठा लढा द्यावा लागला. एकोणिसाव्या शतकात जुनी, जास्त भरलेली आणि भरपूर विमा उतरवलेली जहाजे समुद्रात पाठवली जात आणि खलाशी बुडत. डर्बीचे खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांनी हा प्रश्न संसदेत लावून धरला. विधेयक मागे पडल्यावर १८७५ साली त्यांनी सभागृहात असा संताप व्यक्त केला की त्यांना बाहेर जावे लागले, पण लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भारखूण सक्तीची झाली: एक वर्तुळ आणि त्याला आडवी छेदणारी रेषा. मात्र ती रेषा कुठे काढायची हे त्या कायद्याने जहाजमालकावरच सोडले होते, आणि एकाने ती थेट धुरांड्यावर काढल्याचे सांगतात. रेषेची जागा हिशेबाने ठरवणे १८९० च्या कायद्याने बंधनकारक केले, तेव्हा कुठे ती खरी झाली. पुढे १९३० आणि १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारांनी ती जगभर गेली. आपणही हे टाळले पाहिजे की प्रत्येक ग्रामपंचायत अंदाजाने एक रेघ मारून मोकळी होईल. रेषा चाचणीनंतरच काढली जावी, तिच्याशेजारी ‘बसलेली माणसे इतकी’ असा आकडा मोठ्या अक्षरांत असावा आणि ती पाण्याखाली गेली तर बोट न हलवण्याचा नावाड्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीच्या आदेशात नमूद असावा. तो आदेश हाती असला की सरपंचाने, पुढाऱ्याने किंवा नातेवाइकाने कितीही आग्रह केला तरी नावाडी एकटा पडत नाही.

चाचणीसाठी परदेशी यंत्र लागत नाही. राजाराम तलाव किंवा कळंबा तलाव यांचे शांत पाणी, ठरलेल्या वजनाची वाळूची पोती, गवंड्याचा एक ओळंबा आणि एक फूटपट्टी एवढे पुरे. बोटीत माणसांच्या वजनाइतकी पोती भरावीत, पण ती तळाशी न ठेवता बाकांच्या वर, माणसाचा गुरुत्वमध्य येतो त्या उंचीला ठेवावीत. तळाशी ठेवलेल्या पोत्यांवर घेतलेली चाचणी फसवी असते, कारण वजन खाली असल्याने कोणतीही बोट त्यात उत्तीर्ण होते. मग बोटीच्या मध्यावर एका चौकटीला एक मीटर दोरीचा ओळंबा टांगावा आणि त्याचे वजन पाण्याच्या बादलीत बुडलेले ठेवावे म्हणजे तो झुलत राहणार नाही. बांधलेले दोर सैल सोडून ६० किलोचे एक पोते मध्यरेषेपासून अर्धा मीटर बाजूला सरकवावे आणि ओळंबा किती सरकला ते मोजावे. पंधरा बसलेल्या माणसांच्या भाराला तो ७ सेंटिमीटरच्या आत सरकेल. उभ्या माणसांच्या उंचीला पोती ठेवली की तोच २० सेंटिमीटरच्या पुढे जाईल. हा फरक सरपंच, सदस्य आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिला, तर ‘बसून राहा’ हे सांगायला वेगळे प्रशिक्षण लागणार नाही. किमान शिल्लक किती असावी आणि काठ किती मोकळा असावा, हे ठरवताना लहान बोटींसाठीच्या आयएसओ १२२१७ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा आधार घेता येईल. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी यांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आहेच. वल्ह्याच्या बोटी आणि स्वयंसेवी मंडळांच्या होड्याही त्याच शिस्तीत आणाव्यात, अशी माझी विनंती आहे.

बोट घेताना किंवा करून घेताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. फायबरची बोट पाण्याने भरली की बुडते, म्हणून बाकांखाली बंदिस्त फोम असावा आणि बोट काठोकाठ पाण्याने भरूनही ती सरळ तरंगते की नाही हे एकदा पाहावे. रबरी बोटीच्या फुगवलेल्या भिंतींमुळे तिचे स्थैर्य उत्तम असते, पण काटेरी तारेचे कुंपण आणि पत्र्याच्या कडा तिला फाडतात, म्हणून तिच्या हवेच्या कप्प्यांची संख्या आणि दुरुस्तीचे साहित्य तपासावे. आपल्या पुरात बोट बुडालेल्या उसावरून जाते. पाचट आणि वाढे पंख्यात अडकून इंजिन बंद पडते आणि बोट प्रवाहाला आडवी होते. पंख्याभोवती जाळी आणि इंजिनाच्या बोटीतही वल्ही असणे म्हणूनच अनिवार्य मानावे. पाणी ५० फुटांच्या पुढे गेले की विजेच्या तारा हाताच्या अंतरावर येतात, त्यामुळे बोटीचे मार्ग महावितरणच्या अधिकाऱ्यांसह आधीच आखलेले असावेत.

कोल्हापूरला समुद्र नाही, मग इथे नौकाशास्त्राचे काय काम, असे कुणी म्हणू नये. मालवण आणि सिंधुदुर्ग १८१२ च्या तहापर्यंत करवीर राज्याकडे होते. गगनबावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीच्या राजनीतीवरील ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते आजही कोणत्याही बोट-खरेदी समितीने वाचावे इतके व्यवहारी आहे. गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम रीतीच्या कराव्यात. वाऱ्यावाचून कामास न येणारी अवजड जहाजे करू नयेत. आणि आरमाराच्या लाकडासाठी रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, असे त्यात बजावले आहे. आपल्या पाण्याला, आपल्या माणसांना आणि आपल्या साधनांना साजेल तेच जहाज बांधा, ही दृष्टी त्यात आहे. आज त्याच मुलखात ओतकामाचे आणि फॅब्रिकेशनचे कौशल्य उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पसरलेले आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. सपाट तळाची, रुंद, उथळ पाण्यातही चालणारी, मध्ये आडोसा आणि बाकांखाली फोम असलेली एक ‘कोल्हापूर पूरबोट’ इथेच आखली आणि बांधली जाऊ शकते. तिची चाचणी विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात घ्यावी. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यात न समजण्यासारखे काहीही नाही.

यंदाच्या मे महिन्यात शिरोळ आणि करवीर या दोन तालुक्यांतल्या बोटींपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो, कारण चिखली-आंबेवाडीपासून नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूरपर्यंतचा पट्टा पहिल्यांदा पाण्याखाली जातो. चाचणीचा नमुना तक्ता, ओळंब्याच्या वाचनावरून स्थैर्य काढण्याचे सूत्र आणि भाररेषा रंगवण्याचे माप मी मराठीत लिहून तयार केले आहे. प्राधिकरणाने कळवल्यास ते विनामूल्य सुपूर्द करीन आणि पहिल्या चाचण्यांना तलावावर स्वतः उपस्थित राहीन. रंग सुकायला दोन दिवस लागतात, त्यामुळे १ जूनला नियंत्रण कक्ष सुरू होण्याआधी बोटी परत गावी पोहोचायच्या असतील तर तारखा एप्रिलअखेरपर्यंत जाहीर होणे आवश्यक आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त जहाजबांधणी अभियंता, कोल्हापूर